फक्कीने आखलेली शाळा

मामा : खांब काढायचे नाहीत म्हणजे नाहीत. कोर्टाच्या इमारतीला त्याच खांबांवर बक्षीस मिळालंय मला.

भाची : मामा, हे कोर्ट नाही. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा आहे.

मामा : म्हणून तिला रुबाब नको?

भाची : कोर्टात तुझी कल्पना काय होती? तूच सांगायचास, आत येणाऱ्याला कायद्यापुढे लहान वाटलं पाहिजे. म्हणून ते उंच खांब, म्हणून एकेकट्याने चालायची ती अरुंद वाट. तिथे शोभलं. इथे कोणाला लहान करायचंय? ही आधीच लहान आहेत.

बाई : मामा-भाचीचं भांडण घरी. मी मुख्याध्यापिका आहे, मला नकाशे कळत नाहीत. म्हणून तर मैदानावर तुमच्या दोन्ही शाळा फक्कीने आखायला लावल्या, खऱ्या मापाच्या. आज त्यातली एक निवडणार, आणि तीच बांधली जाणार.

मामा : बाई, पोरांच्या पळापळीवरून इमारत ठरवतात का कुठे?

बाई : राहायचंय त्यांना. तुम्ही फीत कापली की मोकळे.

मामा : आणि हिचं डिझाइन कशावरून आलंय माहितीय? मासळी बाजारावरून! लिलावाच्या जागेवरून!

भाची : हो, त्यावरूनच! त्या कलकलाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. सगळी बोली हाताच्या खुणांनी. म्हणून पायऱ्या गोलाकार, मधे एकही खांब नाही. प्रत्येकाचा हात प्रत्येकाला दिसतो.

बाई : पण तुमच्या आखणीत बाजारासारखं काहीच दिसत नाही मला.

भाची : दिसणारच नाही. मी त्याचं रूप नाही उचललं, त्यामागचं कारण उचललं. हात दिसले पाहिजेत, बस्स. त्यातून वर्ग घोड्याच्या नालेसारखे झाले, कोपरे तासले गेले, वाट तिघं शेजारी-शेजारी चालतील एवढी झाली. मामाने खांब तेवढे उचलून आणले आणि कारण कोर्टातच विसरला.

मामा : जीभ आवर. ऑफिस माझं आहे.

भाची : ठेव तुझं ऑफिस. ही शाळा नाही सोडणार.

बाई : पुरे! साहेब, आधी तुमची. खांबांच्या जागी पिंपं, कोपऱ्यांवर भिंतींऐवजी टांगलेल्या चादरी. सोडते मुलांना.

मामा : बघा, कशी शिस्तीत चाललीत!

बाई : शिस्त कसली, गप्प झालीत. त्या दोघी आत शिरल्या तेव्हा हातांनी गप्पा मारत होत्या. पिंप मधे आलं, हात खाली गेले.

मामा : पुढे गेल्यावर बोलतील की.

बाई : पुढे दुसरं पिंप आहे. अरे अरे, तो मुलगा आदळला! कोपऱ्यापलीकडून कोणी येतंय हे त्याला पावलांवरून कळत नाही, साहेब.

मामा : लागलं का त्याला?

बाई : सवय आहे त्याला. आमच्या जुन्या इमारतीत रोज आदळतो.

भाची : आता माझ्या शाळेत सोडा.

बाई : सोडलं... अगं बाई!

मामा : काय झालं?

बाई : ती बघा, लाल फितीवाली. उलटी चाललीय! मैत्रिणींकडे तोंड करून बोलत बोलत. इतक्या वर्षांत माझ्या शाळेत उलटं चालायची कोणाची छाती झाली नव्हती.

मामा : आदळेल आता कोपऱ्यावर.

भाची : बघ तरी.

बाई : नाही आदळली! समोरच्यांना पलीकडचा मुलगा दिसला, त्यांनी हाताने सांगितलं, ही सरकली. बोलणं काही तुटलं नाही!

भाची : मामा, बघितलंस? बघितलंस ना?

(सुट्टीचा दिवा लुकलुकतो.)

बाई : सुट्टी झाली. एरवी या दिव्याबरोबर उधळतात, आज एक पोर बाहेर यायला तयार नाही. साहेब, मी निवडलं. ही बांधा.

मामा : आणि माझे खांब?

भाची : कोर्टात आहेत, तिथे झकास आहेत. ते बघूनच तर मी या धंद्यात आले.

मामा : हं. लोणी नको लावूस... त्या दोघी कशावरून भांडतायत?

बाई : खिडकीजवळ कोण बसणार, यावरून.

मामा : कुठली खिडकी? तिथे नुसती फक्की आहे!

बाई : सांगून बघा त्यांना.

मामा : ...खिडकी रुंद कर गं. दोघी बसतील.