साहेबांची शिकवणी

मोहोपाड्याच्या एस्टी थांब्यावर चंद्राबाई रांगेत उभ्या होत्या. पुढ्यात कारखान्यातले दोघं, तरणा सदू आणि पिकल्या केसांचा बुधाजी. ऐकायचं नव्हतं, पण कान तिकडेच गेले.

“काका, साहेब मला इंग्रजी शिकवतात. रोज एक वाक्य.”

“कवापासनं?”

“गजाला कारखान्यात गॅस बाधला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं. ‘आय’ म्हंजे मी, ‘ही’ म्हंजे तो.”

“काल काय लिवलंस?”

“‘आय ओपन्ड द बिग व्हॉल्व्ह.’ मोठा व्हॉल्व्ह मी उघडला. भूतकाळ हाय तो.”

“त्या दिवशी गॅसचा व्हॉल्व्ह तू उघडला व्हतास?”

“नाय वो. मी तवा जेवायला गेलो व्हतो. हे नुस्तं शिकायचं वाक्य.”

“मग ‘ही’ घालून लिवायचं.”

“मी तेच बोललो. साहेब म्हणाले, आधी ‘आय’ पक्कं कर. खाली इंग्रजीत सहीपण शिकवली.”

“वही दाव.”

“तेवढं पान साहेबांनी फाडून नेलं. तपासून देतो म्हणाले.”

चंद्राबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“काका, गाडी आली. चला.”

“जाऊ दे गाडी. सदू, गजा आज सकाळी गेला रं.”