कोंबडा वेदीपाशी, कोट खुंटीला

...अन् वरून मलाच विचारतात, "बन्सीभाऊ, स्तुतीच्या गाण्याला सगळ्या मंडळीनं हात वर केले, तुमचे हात काय खिशाला शिवलेत का? विश्वास थंडावला का काय?" आता काय सांगू ह्यांना! विश्वास जिथल्या तिथं हाय हो, कोट काचायलाय काखेत! शहागंजातला कोट, पोराच्या लग्नात घेतलेला. दुकानदार म्हणला होता, "चाचा, एकदम फिट बैठेगा," अन् बैठा तो असा बैठा की हात खांद्याच्या वर गेला की शिवण बोलती. मग ठेवतो हात खाली. पण हा कोट माझ्या अंगावर आला कसा, ते तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही पाचसहा जणं लेकरांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवायला नावं देऊन बसलात, चहा प्यायलात, हसायलात... हसा! मी बी असाच हसत आलो होतो बावीस वर्षांमागं. म्हणून आधीच सांगून ठेवतो. लेकरांना गाणी शिकवा, चित्रं रंगवायला द्या, पण शास्त्र शिकवू नका. खरं धरतात हो ती!

माझी नात एस्तेर. तुम्ही बघितलीच असंल, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेत, पण बोलायला काय अडत नाय. हंगामाचा सण, पिकातलं दान देवाला वाहायचा, त्याच्या आधीचा रविवार होता. पाठ कोणता? तर दान घेऊन वेदीपाशी आलास, अन् तिथं आठवलं की भावाचं मन तुझ्यावरून दुखलंय, तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याकडं जा, समेट कर, मग येऊन दान दे. सोपा पाठ! बावीस वर्षं शिकवला मी तो. एकदा बी कुणी उठून गेलं नाय. मोठी माणसं कशी, आमेन म्हणतात अन् घरी जाऊन भाकरी खातात. बरं असतंय ते. पण ही उठली, बोट वर. "आबा, दान तिथंच ठेवायचं?" व्हय. "कुणाला न विचारता जायचं?" व्हय गं. "पाळकसाहेब प्रार्थना करत असले तरी?" आता घंटा झालेली, पोरं बाहेर पळायलीत, चपला कुणाच्या कुणाच्या पायात... मी म्हणलं, "व्हय बाई, तरी बी! बस खाली!"

आता भाऊ हा शब्द निघाला की तुम्ही एकमेकांकडं बघायलात. बघा, बघा, सगळ्या छावणीला ठाऊक हाय. आमचा थोरला, सोनाजी. तीन गल्ल्या सोडून राहतो. अकरा वर्षं आम्ही बोललो नाय. कशावरून? कोटावरून! ह्या नाय हो, ह्या काचणाऱ्या कोटावरून कोण भांडतंय? आमचा बाप, फकिरा, चर्चची घंटा वाजवायचा. पोलीस ॲक्शन झाली त्या हिवाळ्यात मिशनच्या डॉक्टरीणबाईनं त्याला काळा लोकरी कोट दिला, कारण एवढ्या धामधुमीत बी त्यानं एक रविवार घंटा चुकवली नव्हती. आम्ही दोघं भाऊ त्या कोटात वाढलो. थंडीची सकाळ, बाप घंटेपाशी, कोटाच्या डाव्या पदरात सोनाजी, उजव्यात मी. एका कोटात तिघं! ओढलेला दोर वर गेला की आम्ही दोघं बी त्याच्यासंगं वर उचलले जायचो.

मग बाप गेला. त्या दिवशी आपले पाळकसाहेब आजारी, म्हणून थोरला जालन्याहून दुसरे पाळक आणायला धावला. अन् इकडं कोट खुंटीला. मी काढला. घातला. कुणी विचारलं तर म्हणलं, थंडी वाजायली. लई थंडी... मे महिना होता. सगळी मंडळी घामानं निथळायली अन् मी लोकरी कोटात बापाच्या मातीला उभा! थोरला आला, त्यानं माझ्याकडं बघितलं, कोटाकडं बघितलं, अन् जे तोंड मिटलं ते मिटलंच. तेव्हापासून मी सकाळच्या उपासनेला, तो संध्याकाळच्या. चिकलठाण्याला कंपनीत बी आमच्या पाळ्या कधी जुळल्या नव्हत्या, देवाच्या घरी बी तेच, पहिली पाळी माझी, दुसरी त्याची. अन् हंगामाला उपासना एकच, म्हणून अकरा वर्षं तो हंगामाला आलाच नाय. घरात माझा हुकूम होता, त्या दाराकडं बघायचं नाय, त्यांच्या लेकरांशी बोलायचं नाय.

तर हंगामाचा रविवार. चर्च भरलेलं, ज्वारीची कणसं खांबांना बांधलेली, भोपळे, केळीचे घड, अंडी, कुणी शेरडू बी आणलंय. मी खुलताबादच्या बाजारातून तांबडा कोंबडा आणला होता, असा डौलदार की पाळकसाहेबांनी बी एकदा वळून बघितलं. पाय सुतळीनं बांधले, एस्तेरच्या हातात दिला, अन् मी चर्चचा पंच म्हणून पुढच्या बाकावर, बापाचा कोट घालून, छाती काढून बसलो. लेकरं रांगेनं चालली. एस्तेर वेदीपाशी गेली. कोंबडा खाली ठेवला. अन् तिथंच उभी राहिली... मी मनात म्हणलं, पुढं सरक की बाई, मागं भोपळेवाला खोळंबलाय! ती काय तरी आठवायली, कपाळाला आठ्या. मग वळली, अन् मधल्या वाटेनं, सगळ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत, तरातरा चालत दाराबाहेर गेली!

सारजाबाई, म्हणजे आमची मंडळी, मागून म्हणली, "लघवीला गेली असंल." मला बी तेच वाटलं. गाणं झालं. दुसरं गाणं झालं. पोरीचा पत्ता नाय. सून बाहेर बघून आली, तिचा चेहरा पांढरा. "मामंजी, मागं नाय ती. विहिरीकडं बी नाय." तुम्हाला सांगतो, विहीर म्हणली अन् मी ताडकन उठलो. त्या विहिरीला जाळी हाय, पण जाळीला भोक बी हाय! चार पोरं विहिरीकडं पाठवली, दोन माणसं सायकलवर नगर नाक्याकडं, तिथं ट्रकामागं ट्रक, सात वर्षांचं लेकरू, चालवणाऱ्याला दिसतंय तरी का हो? उपासना थांबली. बायांनी प्रार्थना सुरू केली. अन् मी घाबरलो, खोटं कशाला बोलू.

पाळकसाहेब खाली उतरून आले. "बन्सीभाऊ, तुमचे थोरले बंधू जवळच राहतात ना? तिकडं गेली असेल का?" मी म्हणलं, "त्या घराशी आमचा काय बी संबंध नाय, साहेब."

मग वच्छलाबाई काठी टेकत आल्या. "अरे बन्सी, मी खिडकीतून बघितली की. सोनाजीच्या गल्लीकडं वळली ती." मी म्हणलं, "मावशी, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. ती तिकडं जायची नाय."

नगर नाक्याहून सायकलवाले आले, नुसती मान हलवायलेत. नाय दिसली. सारजाबाईनं माझा हात धरला, रडायली, "अहो, पाया पडते तुमच्या, एवढं एकदा भावजींच्या घरी बघून या!" अन् माझ्या तोंडातनं काय निघावं? इतकी भीती भरलेली, तरी जिद अशी कडू की तिथं बी सुटेना! मी ओरडलो, "कोण भावजी? मला भाऊ नाय!"

अन् कोंबडा आरवला.

सुतळी सोडवून ते सैतान उपदेशपीठावर चढून बसलं होतं! मान ताणून अशी बांग दिली की खांबावरची कणसं हलली. दोनशे माणसं. सगळी माझ्याकडं बघायली. सगळ्यांना गोष्ट पाठ! येशूला ओळखत नाय असं तीनदा म्हणणारा पेत्र कोण अन् कोंबडा कधी आरवला, सगळं पाठ! कुणी शिकवली? मीच की, बावीस वर्षं, चित्रं दाखवून दाखवून! पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. म्हणून म्हणतो, लेकरांना शास्त्र शिकवू नका. मोठी झाली तरी विसरत नाय.

मी पळालो. ह्या वयात! तीन गल्ल्या, एक चप्पल पहिल्याच गल्लीत गेली. थोरल्याचं दार उघडंच. अन् उंबऱ्याशी माझे पाय थांबले. का, माहितीय? अंगावर कोट! पळताना ध्यानातच आलं नाय, बापाचा कोट घालून मी त्याच्याच दारात उभा! काढावा तर आता वेळ कुठली... आत बघितलं, तर एस्तेर चटईवर बसलेली, जितीजागती, अन् शेजारी थोरल्याची नात मार्था, दोघींच्या हातात सीताफळ, तोंडं बरबटलेली. उंबऱ्यातच बसलो मी, अन् रडलो. मोठ्यानं.

ती म्हणली, "आबा, रडू नका. झाली बट्टी." मी म्हणलं, "कसली बट्टी? भर उपासनेतनं उठून आलीस, आम्ही विहीर बघितली, रस्ते बघितले..." तर ती म्हणते, "मार्थाशी कट्टी होती ना. दान ठेवताना आठवलं. तुम्हीच सांगितलं की तिथंच ठेवायचं अन् जायचं." मी म्हणलं, "अगं पण कट्टी कशाला केलीस तिच्याशी?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, राग नाय, काय नाय, नुसतं नवल. "मी कुठं केली? तुम्हीच करायला लावली की."

मग तो आतल्या खोलीतनं आला. सोनाजी. म्हातारा झालाय हो! हा कधी म्हातारा झाला? मी तीन गल्ल्यांवर असून मला कळलं नाय. उभा राहिला. माझ्या तोंडाकडं बघेना, कोटाकडं बघायला. मला वाटलं, आता हा काढ म्हणणार. नाय तर हाकलणार. भागूवहिनी चुलीपाशी पदर तोंडावर धरून. अकरा वर्षांनी तो काय बोलला असंल?

म्हणला, "खालचं बटन तुटलंय."

मी म्हणलं, "तुटलं नाय, लटकायलंय."

"बाबाच्या अंगावर असताना कधी लटकलं नव्हतं."

"शिवणार होतो, दादा." दादा म्हणलो मी! जिभेला अजून सवय होती बघा. तेवढ्यात भागूवहिनी ओरडली, "आता चहा ठेवू का भांडण वाढू, एकदाचं काय ते सांगा!" अन् एस्तेर उठली, हात फ्रॉकला पुसले, म्हणली, "चहा नंतर. कोंबडा तिथंच हाय. समेट झाल्यावर परत जायचं असतंय." मग निघालो. पुढं दोघी पोरी, मागं आम्ही दोघं. बाहेर वारा सुटलेला, अन् तो नुसत्या सदऱ्यात, हात काखेत घालून चालायला. मी बापाच्या कोटात, उबदार. काढून द्यावा असं दहादा मनात आलं, दहादा बटनाला हात गेला, दिला नाय. लाज वाटली मला, पण दिला नाय. माणूस लई हलकट असतो.

झालं, कोंबडा वेदीला दिला, मी म्हणलं, समेट झाला, कोट बी राहिला, सुटलो! कुठलं सुटतोय? पाठांच्या पुस्तकात पुढच्या रविवारचा पाठ उघडला, तर काय, ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्यानं एक, ज्याला नाय त्याला द्यावा. मी हळूच दोन पानं उलटली अन् नोहाचं तारू सांगायला लागलो. हत्ती, उंट, वाघ, पोरं खूश! एस्तेरचं बोट वर. "आबा, पान सुटलं." चिकटली असतील म्हणलं. "चिकटली नाय. तुम्ही थुंकी लावून उलटली."

घरी येऊन तिनं कपाट उघडलं. "आबा, एक... दोन." मी म्हणलं, "बरं बाई, शहागंजातला देऊ." ती म्हणली, "आपल्याला काचतो तो द्यायचा, असं लिहिलंय का?" आता ह्याला काय उत्तर देता? द्या की! तुम्ही मास्तर व्हायला निघालात ना?

मी कोट दिला म्हणता? छ्या. माझ्यानं हातानं द्यायचं झालंच नाय. मी काय केलं, सुईत दोरा ओवला, ते बटन शिवलं, कोट कपाटातनं काढून खुंटीला टांगला, अन् भाजी आणायला गेलो. तास लावला मेथीच्या जुडीला. थोरला जालन्याला गेला होता तेव्हा मी जसा खुंटीवरून काढला होता... तसाच जाऊ द्या म्हणलं. घरी आलो तर खुंटी मोकळी. एस्तेर गालात हसायली. मी विचारलं नाय.

अन् आज सकाळी, सकाळच्या पाळीला बरं का, थोरला आला. घंटेपाशी उभा राहिला, कोट घालून. पाठमोरा होता. मला क्षणभर बापच वाटला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, त्यानं दोर माझ्या हातात दिला, म्हणला, "ओढ." मी ओढायला हात वर केला, अन् टर्रकन शिवण गेली ह्या काखेतली, आतल्या सदऱ्यासकट! तुम्ही गाण्याला हात वर करायचं विचारताय? कसा करू? अख्ख्या मंडळीला बनियन दिसलं असतं!

तर असं हाय. ही घ्या वर्गाची किल्ली, हे पुस्तक. एस्तेरचा वर्ग कुणाला पाहिजे? ...काय झालं? मघाशी तर सगळे हात वर करायला एका पायावर तयार होतात! आता एक बी हात वर नाय... तुमचे बी कोट काचायलेत का?