थोरल्या जावेचा सीपीयू

मंचरच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईंनी टॉवेलात बांधलेला सीपीयू मांडीवर धरला होता. टॉवेलाला तीन गाठी होत्या. शेजारी त्यांची धाकटी जाऊ होती.

“परत व्हायरस, ताई?”

“हं. फॉरमॅट मारायला चाललेय.”

“यंदाची चौथी खेप.”

“मोजतेस व्हय गं?”

“न्हाई वो. आमी विंडोज काढून लिनक्स टाकल्यापासून व्हायरस ठाऊकच न्हाई.”

“तुझं सगळंच लई गुणाचं. माझी पोरगीसुद्धा शाळा सुटली की तुझ्याच कॉम्प्युटरवर बसती.”

“तिनं तुमच्यासाठी माझ्याकडनं लिनक्सची सीडी मागून नेलीय. दिवाळीपासून दप्तरात हाय.”

“मला बोलली न्हाई.”

“काकूचं काही आपल्या घरात नको, असं तुमीच तिला दोन वर्षांमागं म्हणाला व्हता.”

“पुढच्या थांब्यावर उतरून माघारी घरी जाते मी. शाळेतून आली की तिलाच सांगते, आपल्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाक.”