ओबादिया क्रंपचं मत

— थांबा हो शेरीफसाहेब, सांगतो ना! कोणाला मत देतो ते नाव मोठ्यानं सांगायलाच आलोय. ऊन अजून कोर्टाच्या छपरावर आहे, सूर्य बुडाल्याशिवाय मतदान बंद करता येत नाही, तुमचाच कायदा. कर्नलसाहेब आणि पेटिग्रूसाहेब, दोघांची मतं सारखी झालीत आणि मत द्यायचा उरलोय मी एकटा — मग कर्नलसाहेबांशी दोन शब्द बोलू द्या की! बसा, कर्नल ट्रॅव्हर्स, चुळबुळू नका. ओळखलंत ना? ‘तो नावाडी’ म्हणता तुम्ही मला. लढाईत तुमच्याच तुकडीत होतो, गोळ्या सुटत होत्या तेव्हा तुमचा घोडा नदीपार मी नेला — बरं, माझं राहू द्या, घोडा तरी आठवत असेल!

मागल्या निवडणुकीला असले पक्षबिक्ष कुठे होते? ज्याचं मतदारांना पाजायचं रमचं पिंप मोठं तो व्हर्जिनियाच्या विधानसभेत जायचा, आणि हरलेला-जिंकलेला सगळे एकाच खानावळीत ढोसायचे. आता बघा — तुम्ही फेडरलवाल्यांनी टोपीला काळी फीत लावली, या पेटिग्रूसाहेबांच्या रिपब्लिकनवाल्यांनी रस्त्यापलीकडची खानावळ धरली, आणि सख्खे भाऊ चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतात. मला दोघांचंही काडीचं घेणं नाही. — तुम्ही कशाला हसताय, पेटिग्रू? तुमच्याशी बोलत नाहीये मी.

तर कर्नल, मागल्या खेपेला मी इथंच उभा होतो, याच टेबलापुढे. पुढचा प्रत्येक जण मोठ्यानं तुमचं नाव घेत होता, आणि तुम्ही दर वेळी खुर्चीतून उठून, टोपी काढून, नावानिशी त्याचे आभार मानत होतात — त्या दारुड्या लोहाराचेसुद्धा! मग माझी पाळी आली. मी तोंड उघडतोय तोच तुम्ही उठलात — हो, उठलात! — आणि म्हणालात, “याची जमीन मोजा.” माझा होडी लावायचा नदीवरचा धक्का तुमच्याकडे गेला, त्यावरून आपलं वाजलं होतं ना, तुम्हाला वाटलं हा विरोधातच जाणार. मोजली जमीन. मत द्यायला पंचवीस एकर लागतात, माझी अर्धा एकर कमी भरली. मग काय, अख्खं पटांगण खदाखदा हसलं, पोरीबाळींसकट, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता पुढच्याला हाक मारलीत.

त्या हसण्यापायी, तो अर्धा एकर भरून काढायला, मी दलदलीची पट्टी विकत घेतली. बेडकांशिवाय काही पिकत नाही तिथं. कशी घेतली विचारा की — होडी विकून घेतली! नावाड्यानं होडी विकली, हसा आता! बायकोनं, टॅबिथानं पाय धरले माझे, म्हणाली, त्या माणसाच्या रागापायी आपली चूल विझवतोस? मी म्हटलं, विझू दे. विझलीच. ती गेली डोंगरापलीकडे, बहिणीकडे. जाताना म्हणाली, तू त्या कर्नलशीच संसार कर, रात्रंदिवस तोच तर असतो तुझ्या तोंडी — खोटं नव्हतं ते. घरात आता... हे बोलायचं नव्हतं मला. कारकून, हे लिहू नका. राहू द्या.

घाम पुसताय, कर्नल? पुसा. अजून एक ऐका. त्या दिवशी मी कोणाचं नाव घेणार होतो, ठाऊक आहे? तुमचं. धक्का गेला, भांडण झालं, तरी तुमचंच! तुकडीतला जुना माणूस म्हणून. एक श्वास थांबला असतात तर ऐकलं असतंत.

आणि आज पेटिग्रूंचं नाव घेऊन मोकळा झालो, तर तुम्ही घरी जाल, मला चार शिव्या हासडाल आणि सकाळपर्यंत विसराल. इतक्या स्वस्तात सोडू तुम्हाला? लिहा, शेरीफसाहेब! सगळ्यांनी ऐका! ओबादिया क्रंपचं मत — कर्नल ट्रॅव्हर्स यांना! जा आता विधानसभेत. ज्या खुर्चीत बसाल ती या नावाड्यानं दिलेली, त्या दलदलीनं दिलेली. जन्मभर बसा तिच्यावर, आणि विसरून दाखवा मला!

पेटिग्रू, तुम्ही घरी जा. कर्नलसाहेब, तुम्ही उठा. सरळ उठा. टोपी काढा. आभार मानायची रीत आहे ना आपल्यात? ‘नावाडी’ नाही — पूर्ण नाव घ्यायचं. अख्खं पटांगण थांबलंय.

मी गप्प बसतो आता. बोला तुम्ही.