वाघोबाचा लाल कोंबडा

— नाय गो दामिनी, तो लाल कोंबडा नाय मिळायचा. दुसरा कंचा पन ने. काळा ने, तो पांढऱ्या मानेचा ने, नायतर ती तलंग ने, अंड्यावर आलेय तरी ने — पन लालाला हात नको लावू. तो वाघोबाचा हाय. तुला ठाव नसंल, तू आत्ता सून म्हनून आलीस ह्या गावात, तुझ्या सासूला इचार. तुझ्या नंदेला, रंजिताला बघाया मुरबाडवरनं पावनं येनार, चांगला मोठा कोंबडा पायजे, सगळं खरं — पन पावन्यांना पिसांच्या रंगाशी काय करायचंय? रस्सा तर लालच व्हनार. बस. चा ठेवलाय, पिऊन जा.

वाघोबाचा कसा म्हंजी? नवसाचा. माझी आधीची पोरं पाळन्यातच गेली, नवशा पोटात व्हता तवा मी रानात वाघोबाच्या दगडापुढं बसून बोलले — हा जगव. ह्याचं लगीन ठरलं की हळद लागायच्या आधी हा सोता येईल, आपल्या हातानं तुला लाल कोंबडा देईल. म्हनून तर नाव नवशा. सोता येईल — त्यातच सगळं हाय. आयेनं दिलेला चालत नाय, बापानं दिलेला चालत नाय, ज्याचा नवस त्यानंच फेडायचा. तो शिकाया बाहेर पडला तवापासनं माझ्या दारात लाल कोंबडा हाय. एक म्हातारा व्हऊन मेला, एक मुंगसानं नेला, एकाला कुत्र्यानं. एक गेला की दुसरा आनते. लगीन कवा ठरंल काय सांगता येतं? ऐन टायमाला कुठं शोधत बसू?

काय? परदेशचं सांगू? आलीस तू पन त्याच्यावर. सगळा गाव त्येच इचारतो. नाक्यावर चा पिनारी बापयमानसं पन सोडत नाय — हिराबाई, इमानात कसं वाटलं? काय वाटायचं. यष्टीत बसल्यासारखं वाटलं, खिडकी तेवढी उघडत नाय. शेजारी एक बाप्या झोपलेला, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. इकडं भाताच्या वाफ्यात राब भाजायचा टाइम, मी राब दिराच्या भरवशावर टाकून गेले, त्यानं अर्धा कच्चा ठेवला — आन तिकडं काय बघितलं, तर दगड.

प्राग. शहराचं नाव प्राग, नवशा तिथं नोकरीला हाय. नवशा म्हनला, आई, लय जुनं शहर हाय, जगातनं मानसं बघाया येत्यात. म्हनलं, जुना आमचा सिद्धगड पन हाय, तिथं कोन येतं? पावसाळ्यात पोरं येत्यात, घसरून पडत्यात, आन आपल्या गड्यांनी झोळीत घालून खाली आनायची. तिकडं रस्ता पन दगडाचा. आपन बांधाला लावतो तसले दगड रस्त्यात गाडून ठेवलेत, चाललं की टाचा बोंब मारत्यात — आन त्येच्यावर नवशा काय खूष. ह्या गल्लीतनं राजा जायचा, ह्या घरात अमका ऱ्हायचा. म्हनलं, आता ऱ्हातो का? नाय. मंग चल पुढं.

आन त्ये घड्याळ. भिंतीवर येक मोठं घड्याळ, त्याच्याखाली ही गर्दी, सगळे मोबाइल वर करून — आता बघ आई, आता बघ. बघितलं. हाडाचा सापळा घंटी हालवतो, वर दोन खिडक्या उघडत्यात, बाहुल्या फिरत्यात, खिडक्या बंद. झालं. मानसं टाळ्या वाजवत्यात. आमच्या म्हशाच्या जत्रेत येवढ्याला कोन मान पन वळवनार नाय. आन किती वाजले त्ये तरी कळावं? नवशानं मोबाइलात बघून सांगितलं. राजाच्या किल्ल्यावर गेलो, तर दाराशी शिपाई उभा, डोळा हालवत नाय. तरनाताठा पोरगा, ऊन खात उभा. म्हनलं, बस रे बाबा घटकाभर, कोन येतंय राजाला मारायला. नवशानं माझा हात वढला. लाजला तो. आईची लाज वाटते त्याला आता, मानसात नेली की इकडंतिकडं बघतो.

जेवन? भाताचं नाव काढू नको. कनकीचे गोळे उकडून देत्यात, वर पातळ कायतरी वतत्यात, त्याला जेवन म्हनत्यात. मी पिशवीतनं सुकट काढली, घरनं भाजून नेली व्हती, तर आख्खं हाटेल नाकाला हात लावून बघाया लागलं. नवशा म्हनतो, आई, आत ठेव. हाना मात्र — तिनं उचलून खाल्ली. डोळ्यातनं पानी आलं तिच्या, पन खाल्ली, आन परत हात पुढं केला.

कोन हाना? हां. त्याच्या हापिसातली. म्हंजी पयल्या दिवशी त्यानं तसं सांगितलं. आमच्या संगतीनं सगळीकडं. लांबलचक बाई, आपल्या दारातनं वाकूनच आत यावं लागंल तिला. कपाळ मोकळं, हात मोकळे, पायात बापयमानसाचे बूट. बोलली की वाटतं भांडते. माझ्या चपला बघून दुकानात घेऊन गेली, बूट घेतले, आन रस्त्यात गुडघ्यावर बसून नाड्या बांधल्या माझ्या. रोज बांधायची. मना काय येत नव्हत्या बांधायला? नव्हत्या येत, त्ये सोड — पन तवाच मना कळाया पायजे व्हतं. हापिसातली बाई कशाला माझ्या नाड्या बांधंल?

चा घे. निवला.

तिथं नदीवर येक पूल हाय. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी देव उभे केलेत, दगडाचे, काळे पडलेले. शेंदूर नाय, फूल नाय, डोक्यावर पाखरं हागून ठेवलेली. असला देवाचा मान. एका देवाच्या पायाशी पितळेची पाटी, आन तिथं मानसं रांग लावून हात लावत्यात, लावून लावून चकचकीत झालेय. नवशा म्हनला, आई, लाव हात. ह्याला हात लावला की मानूस इथं परत येतो. म्हनलं, मना कशाला परत यायचं, आले त्येच जास्त झालं. तर त्यानं लावला. बघितलं पन नाय तिकडं, आपन देवळाच्या उंबऱ्याला लावतो ना जाता जाता, तसा — हात बरोबर त्या जागेवर. म्हंजी रोज लावत असनार. कामावर जाताना, येताना. मी त्या हाताकडं बघत ऱ्हायले. मंग सहज म्हनलं, आपल्या वाघोबाला असा हात लावून निघाला व्हतास का रे, परत यायला?

आन त्या हानानं माझा हात धरला. तिला भाषा कळत नाय, पन तोंड कळलं असंल. कठड्याला टेकून बोलला मंग — आई, आमचं लगीन झालंय. मागल्या साली, सही करून. हळद नाय, मांडव नाय. आन म्हनला, तो कोंबडा हाय ना घरी, तो तूच देऊन टाक वाघोबाला. माझ्या नावानं.

लगीन केलं त्याचं मना काय नाय गो. तुझ्या गळ्याची आन. पोर तशी वाईट नाय, सुकट खाते. पन तूच देऊन टाक — त्ये बोलला आन मना कळलं, हा येत नाय आता. ज्याला यायचंय तो म्हनतो, ठेव, मी येतो. इतकी वर्षं तसंच म्हनायचा. ह्या दिवाळीला येतो, पुढच्या शिमग्याला येतो — खोटं का व्हईना, म्हनायचा.

लहान व्हता तवा आमी म्हशाच्या जत्रेत बैल इकायला न्यायचो, नवशा बैलाच्या मागं मागं. मी काय करायची, त्याला पयला पाळन्यात बसवायची, पेढा द्यायची, कागदाची भिंगरी घेऊन द्यायची, आन मंग सांगायची — ढवळ्या इकला रे. तोंड गोड असलं की पोर कमी रडतं. तशीच फिरवली त्यानं मना. घड्याळ दाखवलं, राजा दाखवला, बोटीत बसवलं, आन मंग पुलावर नेऊन सांगितलं. एवढं शिकला, परदेशात गेला, आन आयेला फसवायची रीत मातर आयेचीच.

म्हनलं, भूक लागलेय, चल. रातच्याला हानानं भात केला. चिखल केला भाताचा. खाल्ला मी.

हे गावात कुनाला नाय सांगितलं. तुझ्या सासूला सांगितलं, नवशा दिवाळीला येनार, तिनं सगळीकडं केलं. तू तोंडातनं काढू नको — काढलंस तरी कोन खरं मानंल, मीच नाय म्हनेन.

आन वाघोबाला मी देऊ? माझ्या हातानं? तिकडनं आल्यापासनं दोनदा लालाला काखेत घेऊन रानापावतर गेले, आन त्या दगडापुढनं परत आले. काय सांगू तिथं — साहेबाला टाइम नाय, म्हनून आयेला धाडलंय? तो देव हाय, हापिस नाय, कुनी पन येऊन सही करावी. मी बोलले तसं तो वागला, पोर जगवलं. पोरगं पाटीला हात लावत फिरतंय.

उठ. चल, धर त्याला. — लालच. मघाशी नाय म्हनले, आता हो म्हनते, तुला काय करायचंय? देवाला द्यायचा नाय, तर मानसांनी खावा. पाय बांध आधी, चोच मारतो. डोळ्याकडं बघत बसू नको, ने. वर्साचाच हाय, मऊ शिजंल. रंजिताचं जमू दे, हळद लागू दे पोरीला. पैशे ठेव तुझे. आन पावन्यांना सांगू नको कुनाचा व्हता.

आन आयक, दामिनी — तुझी ती ढवळी कोंबडी खुडूक बसलेय ना? पिल्लं निघाली, जरा मोठी झाली, की त्यातला एक नर मना ठेव. लाल बघून.

कशाला म्हंजी? दारात कोंबडा नको मानसाच्या? जा आता. सासू हाका मारतेय तुझी.