खंडेनवमीचा नारळ

बघा मंडळी, बघा! मुरलीधरसाहेब माझ्या कीर्तनाला पुढं खुर्चीवर बसलेत, शेजारी कंपनीचे पाहुणे. आणि साहेबांची आई? ती तिकडं, चपलांच्या ढिगापाशी, खांबाआड! असू द्या. त्याचं बोलेन नंतर. आधी मला सांगा — माणसानं लाज धरावी ती कशाची? ऐका.

भोसरीच्या एका कारखान्यात एक दिगंबर होता. गावी सांगितलेलं — मॅनेजर आहे! होता प्रेस मशीनवर. पत्रा घाल, दाब, काढ. आता खंडेनवमीला कारखान्यात मशिनांची पूजा असते, आणि वर्षातनं त्या एकाच दिवशी घरच्यांना आत सोडतात. नेमकी त्याच दिवशी त्याची आई, ठकूबाई, एसटीतनं उतरली. पिशवीत नारळ!

"दिगू, तुझ्या कंपनीत फोडायचाय."

"कंपनी बंद आहे आज. चल, तुला शहर दाखवतो!"

दाखवलं हो! आधी मेट्रो. मग मॉल. दारावरचा शिपाई म्हणतो, "मावशी, नारळ आत चालत नाही." ठकूबाई म्हणते, "मग तू धर, मी येते जाऊन!" — बिचारा अर्धा तास नारळ धरून उभा! सरकत्या जिन्याला म्हातारीनं आधी हात जोडले, मग पाय ठेवला. संध्याकाळी बागेतलं कारंजं — रंगीत, गाण्याच्या तालावर नाचणारं!

"कसं आहे, आई?"

"छान आहे. गेट कधी लावतात रे तुझ्या कंपनीचं?"

अहो, दिवसभर प्रत्येक ट्रक झेंडूच्या माळा घालून चाललेला — तिला काय दिसत नव्हतं?

आणि तेवढ्यात पेढ्याचा पुडा घेऊन समोर कोण? शेजारच्या मशीनवरचा इस्माईल!

"दिग्या, होतास कुठं? सगळ्यांच्या आया येऊन गेल्या! तुझंच मशीन राहिलंय. सातला गेट लावतील!"

झालं! दिगंबर कारंज्याकडं बघत बसला. ठकूबाई उठली.

"रिक्षा थांबव."

सातला पाच कमी. आत ओळीनं मशिनं, सगळ्यांना माळा, कुंकू. शेवटचं तेवढं बोडकं. म्हातारीनं आधी ते पदरानं पुसलं. दिगंबर खाली बघून म्हणाला, "आई, मी मॅनेजर नाही. हे... हे माझं."

"ठाऊक आहे. मॅनेजरच्या नखांत ग्रीस असतं होय रे? नोकरी लागल्यावरच्या पहिल्या दिवाळीला उटणं लावतानाच दिसलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तीन वर्षं."

आणि मशीनच्या पायाशी फोडला नारळ! पाणी उडालं दिगंबरच्या तोंडावर. बरंच झालं, डोळ्यांतलं त्यात खपून गेलं.

हसलात, मंडळी? हसा. पण घरी गेल्यावर जरा आठवा, आपण कुणाला काय दाखवत फिरतो आणि काय झाकतो. आणि मुरलीधर, तू ऐक. दिगंबरनं मशीन लपवलं. तू आई लपवलीस! पाहुण्यांकडं काय बघतोस? ऊठ! तिला हाताला धरून पुढं आण, त्या खुर्चीवर बसव, आणि तू जा चपलांपाशी. तोवर आरतीचं तबक मी हातात घ्यायची नाही!