सुनेची दाढ आणि मालकाचं मशीन

दाताच्या दवाखान्यात बसलेले आजोबा स्वतःची दाढ दुखतेय हेच विसरले, कारण शेजारच्या सासूबाईंनी सुनेच्या कारखान्याच्या मालकाचा फोन स्पीकरवर टाकला होता. तिथलं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन सांभाळणारी सून नुकतीच दाढ काढल्यानं तोंडात कापूस धरून गप्प बसली होती.

“मालक, सुनेला बोलता येत नाही. मी सासू बोलतेय.”

“अहो मावशी, मशीन किंचाळतंय! सगळा माल खराब होतोय!”

“थांबा, तिच्या कानाला लावते... हं, लिहून देतेय. ‘धातू कापायचं टूल झिजलंय, बदला. प्रोग्रॅमला हात लावू नका.’”

“लावला होता.”

“‘ऐकूनच कळलं. होता तसा करा.’”

पाच मिनिटांनी फोनमधून नुसती गुणगुण आली.

“वा मावशी, चाललं!”

“चालणारच. आता पगाराचं बोलू. परवा तिला म्हणालात ना, नुसतं बटण तर दाबायचं असतं?”

“गमतीनं म्हणालो हो.”

“मग आज गमतीनं दाबायचं होतंत.”

“बरं, हजार वाढवतो.”

“सून मान हलवतेय. आडवी.”

“दोन?”

“आडवीच. पलीकडच्या कारखान्यात याच कामाला दीडपट देतात, मालक. परवाच बोलावणं आलंय.”

“...बरं, दीडपट. या महिन्यापासून.”

“उभी हलली!” आजोबाच ओरडले.

“हे कोण?”

“साक्षीदार.”

“मावशी, तुम्हीच या आमच्याकडे, गिऱ्हाइकांशी भाव ठरवायला.”

“येईन की. माझ्या पगाराचं मात्र सून बोलेल. उद्यापर्यंत तिचं तोंड उघडेल.”